एक लांब, दोन आखूड

नुगझारचा संगणक माझ्याहून वयानं लहान,
तरी त्याच्या जातीत म्हातारा.
पिवळट पडलेला, पाठीला पंख्याची धाप,
काचबंद गॅलरीत टेबलाखाली
लोणच्याच्या बरण्यांशेजारी त्याचं बिऱ्हाड.

कुताइसीतले निम्मे पियानो या माणसाच्या कानांनी सुरात आणले.
आता हात कापतो, किल्ली खुंटीवर ठरत नाही.
म्हणून त्यानं हे काम काढलंय:
गुरियातल्या तीन बायकांचं एकच गाणं,
तीन वेगळ्या फितींवर राहिलेलं,
ते एकत्र जुळवायचं.
दोन आवाज उघडतात.
तिसरा, तळाचा, ज्याला ते बानी म्हणतात,
तो उघडायला घेतला की पडदा गोठतो.
"एतेरी, याला धाप लागते ती नेमकी बानीपाशी."

बंद पडलेल्या बँकेच्या यंत्रातून निघालेल्या
मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या मी दहा लारींना आणल्या.
वेग पाहिला, खाच पाहिली,
अंगठ्यांनी दाबल्या. कट्. कट्.
दोन्हीकडच्या चिमट्यांनी त्यांचे कान धरले.
बटण.

पंखा फिरला. पडदा काळाच.
आणि खोक्याच्या पोटातून शिट्टी.

मग माझा सगळा कुळाचार:
एक काढ, एकच ठेव,
निळ्या खाचेतली काळ्या खाचेत घाल,
खोडरबरानं सोनेरी दात घास,
नाण्याएवढी बॅटरी उपटून यंत्राला तारीख विसरू दे.
शेवटी जुन्याच पट्ट्या परत लावल्या.
जुन्यांनाही तीच शिट्टी.
खरं तर इथेच कळायला हवं होतं.
पण संशय एकदा एका दारात बसला की
शेजारच्या दाराकडे बघतो कोण.
बाहेर पूर्वेचा वारा पत्रे उचकटत होता,
आणि मी मेमरीलाच बडवत होते.

नुगझार इतका वेळ मँडरिन सोलत बसलेला.
"तुला काय ऐकू येतंय?"
"एक लांब, तीन आखूड. म्हणजे मेमरी."
"पुन्हा लाव."
लावलं.
त्यानं डोळे मिटले, मान जराशी डावीकडे.
"तीन नाहीत. दोन.
तिसरा त्या रिकाम्या बरणीचा.
ती मागून गुणगुणते."

एक लांब, दोन आखूड.
ही तक्रार मेमरीची नव्हतीच,
चित्राची होती.

टॉर्च दातात धरून वाकले.
पट्ट्या दाबताना माझंच कोपर लागलं असणार:
ग्राफिक कार्ड एका टोकाला
तांदळाच्या दाण्याइतकं वर आलेलं.
आग रामेश्वरी,
आणि मी दोन तास सोमेश्वरी बंब घेऊन.

कार्ड दाबलं, स्क्रू पिळला,
नव्या पट्ट्या पुन्हा त्यांच्या जागी.
एकच छोटी शिट्टी, घसा साफ केल्यासारखी,
आणि पडद्यावर अक्षरं.

चार जीबी घातले होते, यंत्रानं मोजले सव्वातीन.
मी म्हटलं, "बाकीचे आत आहेत,
पण या जुन्या सिस्टीमला त्यापुढे मोजता येत नाही."
"आमच्या मास्तरांना बाराच्या पुढचे पाढे येत नव्हते," तो म्हणाला,
"गणित मात्र त्यांनीच शिकवलं."

मग पहिली बाई उघडली. दुसरी.
तिसरीवर टिचकी मारताना दोघांनीही श्वास धरला.
घड्याळ फिरलं, फिरलं,
आणि खालून बानी आली,
जाड, ओलसर, चुलीजवळ बसून गायल्यासारखी,
आणि चांगलीच उतरलेली.
फीत कुठेतरी सैल पडली होती वर्षानुवर्षं.
तिघी तीन घरांत गात असल्यासारख्या ऐकू येत होत्या.

मला वाटलं, आता हा खट्टू होणार.
तो मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणाला,
"हं. आता माझं काम."
आणि आधी उठून त्यानं ती रिकामी बरणी
मँडरिनच्या सालींनी गच्च भरली.