बॅटरी जरा वर

तीन पोत्यांतून आली गाडी.
जयसिंगपूरच्या कुणीतरी निम्म्यात सोडलेली,
टेम्पोवाल्यानं राजारामपुरीत, आमच्या दारात ओतली.
पोत्यांवर खडूनं लिहिलेलं:
पुढचं.
मागचं.
आणि तिसऱ्यावर, बघा काय ते.

वर दोरीनं बांधलेली फायबरची बॉडी,
दोन माणसांपुरती, टप नसलेली,
गुऱ्हाळातल्या पालथ्या काहिलीसारखी.
आक्काताई पोवार कठड्यावरनं म्हणाल्या,
"होडी घेतलासा व्हय? पुराच्या आधीच?"
ह्यांनी उत्तर दिलं नाही.
हे तिसरं पोतं उघडून बसले होते.

चासी हेराल्डची. गंजाची खपली निघेल तिथं
आधीच्या माणसाच्या वेल्डिंगच्या गाठी.
ह्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला.
"हात चांगला होता बिचाऱ्याचा.
दम नव्हता."

माझं काम बॅटरी धरायचं.
रात्री जेवणं झाली की जिन्याखाली
हे पाठीवर, गाडीच्या पोटात,
मी रिकाम्या पोत्यावर उकिडवी.
जरा वर.
जरा हिकडं.
हिकडं म्हंजे माझ्या हिकडं.
चाळीस वर्षांच्या संसारात
इतकं नेमकं ह्यांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं.

उद्यमनगरात शिकलगारांच्या लेथवर बुश कातून आणले.
पैसे विचारले तर रज्जाकभाई म्हणाले,
"चालू झाली की हॉर्न वाजवत दारावरनं न्या, पोचले पैसे."
हॉर्न कुठल्याच पोत्यात नव्हता.

रेझिनचा वास पांघरुणात गेला.
मोहरीच्या डब्यात सर्कलिप सापडली.
गौरी-गणपतीला गाडीवर चादर टाकली,
पाहुण्यांनी तिच्यावर पिशव्या ठेवल्या, एकीनं लेकराला निजवलं.
दोन पावसाळे गेले.
जोडून झालं म्हणावं, तर नट उरायचे.
ते श्रीखंडाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेलो.

मग ह्यांची नजर.
एका रात्री फीलर गेजची पात बोटांत धरून
नुसते बसून राहिले.
"दहाची हाय का बाराची?"
पातीवर आकडा होता. ठळक.
मी काही म्हणालो नाही.
(आमच्याकडं बायकाही 'म्हणालो'च म्हणतात,
पुण्याच्या सुनेला अजून हसू येतं.)

मी दूध संघात एकतीस वर्षं फॅट तपासलं.
काचेच्या नळीत रेघ कुठं थांबते
ते नळी डोळ्याच्या उंचीला आणून
श्वास धरून बघायचं असतं.
पॉइंट एकानं कुणाच्या तरी म्हशीचा महिना बदलतो.

बॅटरी ह्यांच्या हातात दिली.
पात टॅपेटखाली सरकवली.
जाते, पण जाताना अडते जराशी,
नको नको म्हणत ताट पुढं करणाऱ्या पाहुण्यासारखी.
"बस. तितंच," हे म्हणाले.
दिसत तर नव्हतं.
माझ्या थांबलेल्या श्वासावरनं ओळखलं असणार.

आठ टॅपेट.
सहाव्याला उजेड हलायला लागला.
"जरा वर," मी म्हणालो.
"जरा हिकडं."

काल पहाटे चालू झाली.
निळा धूर जिना चढून
आक्काताईंच्या खिडकीत शिरला.
नंबर अजून मिळायचाय, तेव्हा उद्यमनगरापर्यंतच,
तेही लोक उठायच्या आत.
स्टीअरिंगला मी,
दूध संघाच्या जीपवर शिकलेले पाय.
हे शेजारी, मांडीवर श्रीखंडाचा डबा.
"कशाला घेतलाय?"
"वाटंत काय पडलं तर."

शिकलगारांचं शटर अर्धं उघडं होतं,
आतला दिवा लागलेला.
हॉर्न तर नव्हताच.
ह्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला
आणि कोपऱ्यापर्यंत
खळाखळा
वाजवत राहिले.