लेबलावरची रेघ

ब्युरोतल्या बाकावर चौघी बसल्या होत्या,
प्रत्येकीच्या पायाशी एकेक पिशवी.
ब्युरोवाली म्हणाली, बघून घ्या, चारही चांगल्या,
जशी टोमॅटोची टोपली पुढे सरकवावी.
माझी रजा सोमवारी संपत होती.
सगळे विचारतात तेच मी विचारलं:
उगाली जमते? इस्त्री? चर्च कुठलं?
मूल आहे?
"नाही," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे नाही, ब्युरोवालीकडे पाहिलं.

नेकेसा. बुंगोमाची.
सुगीत जन्मलेल्या मुलीला त्यांच्याकडे हेच नाव ठेवतात.
तिनं एकच विचारलं,
बाळ कुठल्या कुशीवर झोपतं?
मला चटकन सांगता येईना.
मी म्हटलं, रविवारी सुट्टी.

माझी आई लाविंग्टनच्या बंगल्यांत
वीस वर्षं दुसऱ्यांची भांडी घासायची.
तिनंच फोनवर बजावलं, साखर मोजून ठेव,
तेलावर खूण कर.
त्या बंगल्यांत तिचं काय काय मोजलं गेलं असेल,
ते मी विचारलं नाही.
बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारली,
आणि पेन्सिल तिथंच, फळीवर विसरले.

मग दिवस कसे गेले सांगू?
बँकेच्या काचेआडून नोटा मोजत,
मग मटाटूत, जोगू रोडवर तुंबलेली,
उमोजाला पोचेपर्यंत साडेसात.
मुसेम्बी तिच्या पाठीवर, लेसोत बांधलेला,
झोपलेला. डाव्या कुशीवर कलून.
पहिल्या नाताळला मी तिला गावी सोडलं नाही.
घरी पाहुणे येणार होते.

एका रात्री वीज गेली.
मेणबत्ती शोधताना फोनचा उजेड
स्वयंपाकघराच्या दारामागं पडला.
रेघा.
अगदी खालपासून वर चढत गेलेल्या, शेजारी तारखा,
दर महिन्याला, माझ्या पगाराच्या दिवशी.
खालच्या रेघा तो उभाही राहत नव्हता तेव्हाच्या,
निजवून घेतलेल्या मापाच्या.
आणि हातभर अंतरावर रेघांची दुसरी रांग,
तिला नाव नाही.
वर खिळ्याला दोऱ्यांचा झुबका,
प्रत्येक दोरा आधीच्यापेक्षा किंचित लांब.
मी इतके दिवस समजत होते,
पुडे बांधायला ठेवलेत.

"आई पाठवते," ती म्हणाली. "रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर."
कुणाचं माप?
तिनं चुलीवरची उगाली उलथली, मग परत उलथली.
"ब्युरोवाली म्हणाली होती, नाही म्हण."
मग अंधारातच, जरा ताठ होत,
"नाफुला. पावसात झाली.
मुसेम्बीपेक्षा दोन बोटं उंच आहे."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं.
तोंडातून निघालं,
पुढच्या महिन्यापासून पाचशे शिलिंग जास्त पाठवीन, एम-पेसावर.
ती म्हणाली, असांते.
आणि म्हणाली, तेल संपत आलंय.
रेघ तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होती.
कुठल्या पेन्सिलीनं दारामागं लिहिते आहे,
तेही तिला ठाऊक होतं.

नवी बाटली आणली. लेबल कोरं ठेवलं.
आईला सांगितलं, पेन्सिल सापडत नाही.

दुसऱ्या डिसेंबरात ती गेली.
निघण्याआधी मुसेम्बीला भिंतीशी उभं केलं,
टाचेपासून टाळूपर्यंत दोरा धरला,
दातांनी तोडला, लेसोच्या टोकात गाठ मारून ठेवला.
"तिकडे दाखवायला," म्हणाली.
येईन म्हणाली. पाच तारीख म्हणाली.

आज नऊ.
फोन लागत नाही. कदाचित चार्ज नसेल,
कदाचित नाफुलानं नव्हे, तिनंच
या वेळी बसमध्ये बसायचं नाकारलं असेल.
मी तिच्या जागी असते तर,
असं म्हणायला सुरुवात करते, आणि थांबते.

सकाळपासून मुसेम्बी तीनदा
दारामागं जाऊन उभा राहिलाय.
टाचा भिंतीला, हनुवटी वर,
श्वास रोखून.
तारखेचं त्याला कळत नाही,
कुणीतरी डोक्यावर हात ठेवून रेघ मारेल,
एवढंच कळतं.
पेन्सिल फळीवर आहे, तेलाच्या बाटलीशेजारी.
माझा हात तिथवर जातो.