दुरडीभर भाकरी

चाळकेवाडीच्या सड्यावर पोचलो तेव्हा
ऊन असं की नणंदेनं माझी टोपी मागून घेतली.
दसऱ्याची सुट्टी, सांगलीहून आणलेली धपाटी,
आणि मोबाईलमध्ये दिवसभर पिवळा गोल सूर्य.
पवनचक्क्या फिरत होत्या
दुपारचं कुणी सावकाश सूप पाखडावं तशा.

तानूबाई शेलारच्या टपरीत चार चहा सांगितले.
तिनं स्टोव्हच विझवला.
"गुरं बघा," म्हणाली, "खाली उतराय लागल्यात."
आम्ही गुरं बघितली. शिरीषनं फोटोही काढला.

मग वारा पडला.
पाती जिथल्या तिथं थबकली,
काहीतरी विसरलंय असं वाटून माणूस जिन्यात थांबतो तशी.
कोयनेच्या अंगाला आभाळ
कृष्णाकाठच्या वांग्यासारखं, जांभळं, तुकतुकीत.

सईचे केस वर उठले. एकेक तार.
"आई, बघ ना!" ती हसत होती.
तानूबाई हसली नाही.

"पळा. गाडीत. काचा वर घ्या.
छत्री टाका हितंच,
आन् त्यो तीन पायांचा घोडाबी टाका!"
शिरीष कॅमेऱ्याचा घोडा उचलून हिरड्याकडे निघालेला.
"त्या झाडाखाली न्हाई!
चक्कीच्या खांबालाबी टेकायचं न्हाई!"
कड्यावर तीन पोरं रील काढत उभी.
त्यांना तिनं अशी शिवी हासडली
की ती शाळेतल्यासारखी रांगेत पळत आली.

पाचांच्या गाडीत आठजण.
रॉकेलचा वास, ओल्या बुटांचा वास,
कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत.
वीज. तानूबाईनं बोटं उघडली:
"एक बैल, दोन बैल, तीन बैल…"
चौथ्या बैलाला गडगडलं.
"लई जवळ हाय. दाराच्या लोखंडाला हात नगा लावू."
पुढची वीज. एक बैल, दो—
गाडी हादरली. रीलवाल्यांतला एक
मुसमुसून रडला, आणि कुणी त्याला चिडवलं नाही.

हळूहळू बैल वाढत गेले.
नऊ. चौदा. सईही मोजू लागली.
"थांबलं की! आता उतरू या?" शिरीषनं विचारलं.
"शेवटचा आवाज झाला
की दुरडीभर भाकरी भाजून हुईस्तवर हलायचं न्हाई."
"म्हणजे किती वेळ?"
"अर्धा तास. आन् घाई आसंल
तर दुरडी मोठी घ्यायची."

उतरलो तेव्हा सडा निथळत होता,
सोनकीची फुलं मान टाकून.
हिरडा होता तिथंच, पान न् पान जाग्यावर.
"बघा," शिरीष म्हणाला, "काही झालं नाही झाडाला."

तानूबाई काडीपेटी कोरड्या पदरात पुसत होती.
"त्येला कवाच काय हुईत न्हाई," ती म्हणाली.
"पाखऱ्या न् मोरऱ्या बांधलं हुतं तवाबी
ह्यो आसाच हुता उभा."

मग स्टोव्ह भडकला.
सात चहाचे पैसे तिनं मोजून घेतले,
सुट्टे नाहीत म्हणून
सईच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.