चाकांना विचारून

मिरेन व्हायच्या आधी
हे गाव मला पायांनी ठाऊक होतं.
आता चाकांनी कळतं.
चाकं फार तोंडावर बोलतात.
बंदरावरचे गोटे: नको.
चर्चमागच्या अकरा पायऱ्या: नको.
मेंढ्यांच्या कुरणाचं ते झुलतं फाटक,
एका वेळी एकच माणूस, तोही पोट आत घेऊन,
तिथे मी बाबागाडी उभी घातली, आडवी घातली,
तिरपी करून पाहिली, शेवटी तिला शिव्या घातल्या.
मिरेन आत झोपलेली,
जणू हे भांडण शेजारच्या घरातलं.

मॅग्नस तेलविहिरीवर असतो, उत्तर समुद्रात,
दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे.
फोनवर विचारतो, दिवसभर काय करता?
चालतो.
कुठे?
जिथे जाऊ देतात तिथे.

पहाटे तीनची फेरी त्याला सांगत नाही.
फ्रिजपासून मागच्या दारापर्यंत, फरशीवर,
पुढे, मागे,
साधारण चाळीस खेपांना एक जांभई,
आणि ती बहुतेक माझीच.

मग एका मंगळवारी विल्मा गेडेस भेटली,
टपालकचेरीच्या उतारावर,
तिच्या बॅटरीच्या लाल गाडीत बसलेली,
पुढच्या टोपलीत पाव आणि मांजराचं खाणं.
माझ्या चाकांकडे बघून म्हणाली,
"पोरी, माझ्या मागोमाग ये.
मी जाते तिथे तुझी ही जाईल."

जुन्या रेल्वेची वाट.
रूळ कधीच उचलून नेले,
पण इंजिनाला चढ सोसत नसे
म्हणून टेकडी तेव्हाच कापून ठेवलेली.
"माझ्या बापानं हेरिंगच्या पेट्या चढवल्या इथे,"
विल्मा मागे न बघता सांगत होती,
"हाताचा वास रविवारीसुद्धा जायचा नाही."
दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, पिवळीधमक,
उन्हात खोबऱ्याच्या बिस्किटांसारखी दरवळणारी.
वारा मात्र नेहमीचाच,
छत्रीचं शीड करून आम्हाला ढकलणारा.
मी पहिल्यांदा एका हातानं गाडी लोटली.
दुसरा हात कुठे ठेवायचा, आठवेना.

दोन मैलांवर, पुलाखाली,
लाल गाडी खोकली आणि बसली.
विल्मानं कळ दाबली. पुन्हा दाबली.
"रात्री चार्जिंगला लावायला विसरले," म्हणाली,
आणि एवढं बोलून गप्प झाली.
ती गप्प झालेली मी तेव्हाच पाहिली.

फोनला रेंज नव्हती. माणूस नव्हतं.
मी मिरेनला काढून तिच्या मांडीवर दिलं,
शालीनं दोघींना एकत्र बांधलं,
बाबागाडी मिटून टोपलीवर आडवी अडकवली,
पावाचा चेंदा झाला, त्याला इलाज नव्हता,
आणि मागची खिट्टी सोडून
खांदा लावला.

पहिली दहा पावलं काहीच हललं नाही.
मग हललं.
मग कळलं, की गावाकडे किंचित उतार आहे,
डोळ्यांना न दिसणारा,
पाण्याला आणि चाकांनाच ठाऊक असलेला.
"ब्रेक माझ्याकडे आहे," विल्मा ओरडली,
"तू फक्त दिशा सांभाळ!"
मिरेन जागी होती.
तिच्या हनुवटीखालच्या त्या सुरकुतल्या गळ्याकडे
एकटक बघत होती,
आणि मध्येच बोटानं तो ओढून पाहत होती.

गावाच्या वेशीवर माझ्या ध्यानात आलं:
एक मोजा गेला.
परत जायची ताकद नव्हती.
विल्मानं तो पाय आपल्या मुठीत धरून ठेवला,
घर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तीच वाट, आता आम्ही दोघीच.
कुंपणाच्या एका खांबावर
कुणीतरी मोजा अडकवून ठेवला होता.
निळा. लोकरीचा. दवानं ओला.
आमचा नव्हता.
बसला मात्र.