दरपत्रक

टोलनाक्यावर माझी खिडकी चौथी.
लाजेसच्या अलीकडे, घाट चढून आलेले ट्रक
धुक्यातून आधी नुसते दिवे होऊन येतात,
मग काच, मग हात, मग सुटे पैसे.
रात्री दोन ते चार या वेळात
दोन ट्रकांच्या मध्ये माझे बावीस खांब होतात,
ड्रायव्हर घाईचा असेल तर एकोणीस.
गल्ल्याखालच्या खणात सुताचा गुंडा,
साडेतीन नंबरची सुई बाहीत.
सुपरवायझर क्लाउदेमीरला दिसतो
माझा गणवेश आणि वर सरळ चेहरा.

आमच्याकडे घरात काही उघडं ठेवत नाहीत.
गॅसच्या टाकीला झगा, मिक्सरला टोपी,
कमोडच्या झाकणालासुद्धा सूर्यफूल.
हे सगळं कुणीतरी विणतं.
गेल्या वर्षापासून ते कुणीतरी म्हणजे मी.

भवानी नणंदेनं केली, न्यूझानं:
न्हाणीघराचा तीन नगांचा संच, पिवळा.
"घरचीच आहेस, सुताचे तेवढे घे."
मी सुताचे तेवढे घेतले.
तिनं शेजारणीला सांगितलं,
शेजारणीनं पास्टरच्या बायकोला,
आणि साऱ्या गल्लीला माझा भाव पाठ झाला.
आठ संच झाल्यावर वही उघडली
तर लाल सुताचे दोन गुंडे पदरचे गेलेले.
सुतावरून लोक स्वर्ग गाठतात म्हणे.
मी न्यूझाच्या न्हाणीघरापर्यंत पोचले.

आणि इथे, डोक्यावर, पांढऱ्या अक्षरांत पाटी:
दोन आसांची गाडी, इतके.
तीन आसांची, इतके.
सफरचंदांच्या बाजारात पाव रेआलसाठी
तासभर भांडणारा आदेमार
सहा आसांचा ट्रक घेऊन येतो आणि मुकाट मोजतो.
फाटकाशी कोण घासाघीस करणार?
फाटकाला नणंद नसते.

त्यालाच एका रात्री दिसली
बाहीतून निसटलेली सुई.
"मुलीसाठी ऑक्टोपस करशील? आरशाला टांगतो,
रविवारी भेटली की देतो. कितीला?"
ओठांवर आलंच होतं, सुताचे तेवढे.
वर पाटीकडे पाहिलं.
"पायाला चार. आठ पाय, बत्तीस.
डोकं फुकट."
"म्हणजे आसांप्रमाणे?"
"आसांप्रमाणे."
मागून भोंगा वाजला. त्यानं नोटा मोजल्या,
टोलच्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या.

सकाळी घरी पहिल्यांदाच घड्याळ लावून विणलं.
एक पाय, अकरा मिनिटं.
डोकं, पाऊण तास:
कापूस भरा, डोळे समोरासमोर आणा,
एक डोळा वर गेला की सगळं उसवा.
आणि ते मी फुकट म्हणाले होते.
डोकं फुकट द्यायची सवय जुनी आहे, रोझिल्दा,
शाळेतल्या वह्यांपासूनची.

त्या ऑक्टोपसचा डावा डोळा तरी वरच राहिला.
आदेमारनं तसाच नेला.
महिन्याभरात आणखी चार ट्रक तसला डोळा मागत आले,
वर केलेला, म्हणे, शहाणा दिसतो.

आता फ्रिजवर माझं दरपत्रक आहे.
पाय, चार. डोकं, अठरा.
टाकीचा झगा, झालरीसह आणि झालरीवाचून.
न्यूझा आली, उभ्यानंच वाचत राहिली.
"आणि घरच्यांना?"
"घरच्यांना कॉफी."
ती कॉफी पिऊन गेली, ऑर्डर न देता.
त्या संध्याकाळी मी एक अख्खी ओळ
मुक्या खांबांची घातली. वीण घट्ट आली, वाकडी नाही.

नाक्यावर कुजबुज आहे की खिडक्या जाणार,
काचेवरची चिठ्ठी वाचून फाटक आपोआप उघडणार.
परवा क्लाउदेमीर खिडकीशी घुटमळला.
मी खण गुडघ्यानं लोटला.
"आईच्या गॅसच्या टाकीचं माप आणलंय," तो म्हणाला,
रस्त्याकडे बघत, "झालरीसह."
दर सांगितला. त्यानं एकदा खाकरून घेतलं.

अकरावा खांब सुईवर आहे.
घाटात दिवे दिसतायत, दोन की चार, अजून कळत नाही.