ळ असलेला ग्रह

गायधनींना कादंबरीसाठी एक भाषा हवी होती.
मी पाटबंधारे खात्यात, गंगापूर धरणाचा विसर्ग
तासातासाला वहीत उतरवायचो.
म्हणाले, आकड्यांचा माणूस आहेस, व्याकरण जमेल तुला.

तीन रविवार आम्ही गंगेवर जाऊन बसलो.
समोर दुतोंड्या मारुती, कोरडा, शेंदरी.
त्याच्याकडे बघून सुचलं,
त्या ग्रहावर काळ नकोत,
क्रियापदाला पाणी लावू.

घोट्याइतकं: मी स्वतः पाहिलं. प्रत्यय हू.
कमरेइतकं: कुणीतरी सांगितलं. हूळ.
(मराठीत नुसतं ‘म्हणे’ असतं, आमच्याकडे कंबर होती.)
गळ्याइतकं: कुणी पाहिलं नाही, ऐकलं नाही,
पण मला हवंय. हूळम्म.
हा ओठ मिटूनच संपवायचा,
नाहीतर पाणी तोंडात जातं.
डोक्यावरून?
ते राहू दे, म्हणाले. दुसऱ्या भागात बघू.

पुण्याहून संपादकांनी विचारलं,
परग्रहावर ळ कसा काय?
गायधनींनी कार्ड टाकलं:
जिथे ळ नाही, तिथे मी पात्रं पाठवत नाही.

मग आम्ही ती बोलायलाच लागलो.
येणं म्हणजे तेश.
सीबीएसवर रात्री मी म्हणायचो, शेवटची बस तेशहूळ.
ते म्हणायचे, तेशहूळम्म,
आणि आम्ही रविवार कारंजापर्यंत चालत निघायचो.

दवाखान्यात शेवटी शेवटी
त्यांनी घराकडे बोट केलं, म्हणजे भिंतीकडे,
आणि ओठ मिटून काहीतरी म्हणाले.
नर्सला वाटलं, कण्हतायत.
कुमुदवहिनींनी माझ्याकडे पाहिलं.
मी अर्थ सांगितला नाही.

कादंबरी एकशे बारा पानांवर थांबलीये,
यान अजून उतरायचंय.
एकच माणूस बोलतो तिला भाषा म्हणायचं की खोड,
हे आमच्या व्याकरणात घ्यायचं राहिलं.

आज पूर आहे. मी आता निवृत्त,
विसर्ग दुसरंच कुणी लिहीत असेल.
पुलावर गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर.
मागून एका पोराने विचारलं,
काका, कुठवर आलंय पाणी?

मारुतीचं या बाजूचं तोंड अजून दिसत होतं.
सांगायला गेलो,
आणि ओठ आपोआप मिटले.