वहिवाट

हायकोर्टाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी प्रतिज्ञापत्रांची भाषांतरं करतो.
पानाला सत्तर रुपये. शिक्का वेगळा.

मंगळवारी मढहून जाईबाय केणी आली.
भाचा, हरेश्वर, ओख्याच्या बोटीवर खलाशी.
गेल्या कार्तिकात पलीकडच्यांनी बोट धरली,
पाण्यावर रेघ होती म्हणे.
"रेघ भरतीला कुठं असतं न् ओहोटीला कुठं,
तेवरं लिवा," म्हणाली.

वकीलसाहेबांनी अर्जाला एक टिपण जोडलं होतं,
सव्वाशे वर्षांपूर्वीचं:
क्युबाच्या किनाऱ्याचे दोन मचवे.
एकात तिघं, दुसऱ्यात सहा.
तळाला जिवंत मासे, हत्यार एकही नाही,
आणि युद्ध लागल्याची बातमी समुद्रात पोचलेली नाही.
अमेरिकेच्या आरमारानं धरले, लिलावात विकले.
मग त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात
न्यायाधीश जुन्या राजांची फर्मानं चाळत बसले,
चौदाशे तीन, चौदाशे सहा,
कुठल्या लढाईत कोणी कोणाच्या कोळ्याला सोडलं,
आणि म्हणाले, एवढी राज्यं एवढी शतकं
असं वागत आली असतील, तर कायदा हाच.
पैसे परत करा.
नऊतले तिघं नाही म्हणाले.
तेही टिपणात होतं, बारीक अक्षरात.

मी तिला म्हटलं, याला कस्टम म्हणतात.
"कस्टमवालं? त्यांनी कदी सोरलं कोनाला?"

पेन ठेवलं. वहिवाट, म्हटलं.

तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.
"मंग असं बोला ना.
आमची डोल लागतं मढच्या म्होरं,
सासऱ्याच्या आज्यापासून. खांब पान्याखाली.
कागुद नाय. एक साल दादला अंथरुनावर,
डोल लागली नाय, जागा तशीच.
बाजूचा नाखवा आमचा वैरी,
भितीवरून केस हाय त्याच्यासंगं.
पन तिथं खांब नाय रोवला त्यानं."
का?
"का म्हंजे? नाय रोवायचा."

उत्तर समुद्राचा तळ वाटून देताना
हेगच्या न्यायाधीशांनी हेच सांगायला
कितीतरी पानं घेतली:
नुसतं करत आलात, एवढ्यानं भागत नाही;
करायलाच हवं, असं समजून केलेलं असावं लागतं.
त्या पानांचं भाषांतर मी एकदा केलंय.
"नाय रोवायचा" हे तेव्हा सुचलं नव्हतं.

"मंग हरेश्वर सुटंल?"

इथं मी अडलो.
तो नियम युद्धातला आहे, जाईबाय.
लढाई चालू असताना शत्रूच्या कोळ्याला धरू नये, असा.
सध्या शांतता आहे.

खाली झेरॉक्सवाल्याशी कोणीतरी सुट्ट्यांवरून भांडत होतं.
तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला,
पुन्हा गुंडाळला.
"म्हंजे लराई असती त सोरला असता?"

हा मुद्दा अर्जात नव्हता.
वकीलसाहेबांना सुचला नसेल,
किंवा सुचून त्यांनी गाळला असेल.

भाषांतरकारानं पदरचं एक अक्षरही घालू नये,
हे कुठं लिहिलेलं नाही. आम्ही सगळे पाळतो.
तीस वर्षं मीही.

ती जिना उतरून गेल्यावर
परिच्छेद अकराच्या खाली जागा होती, चार ओळींची.
चौदाशे तीनच्याही आधी कधीतरी
कुठल्यातरी गलबतावरच्या कोणीतरी
हातात आलेला दोर पहिल्यांदा सोडला असणार,
आणि त्याच्यामागं दाखवायला एकही निकाल नसणार.

मी तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत उतरवला.
शेवटचं प्रश्नचिन्ह
दोनदा गिरवलं.